पाऊण फेरा

"आत कुणी माणूस हाय का?"

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका इंजिन दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये मी नऊ वर्षं काम केलं. दारातून येणारं गिऱ्हाईक टेबलाशी बसलेल्या माझ्याकडे बघत हा प्रश्न विचारायचं. सुरुवातीला मी उठून कुणाला तरी बोलवून आणायची. मग उठायचं सोडलं. पण "मी आहे की" एवढं म्हणायला मला चार वर्षं लागली.

संपादकांनी सांगितलं, कामातल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं. गमती पुष्कळ आहेत. जीपच्या इंजिनातून येणारा आवाज मला तोंडाने करून दाखवायला लाजणारा, आणि अण्णा आल्यावर तोच आवाज रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा काढणारा जोतिबाचा एक दुकानदार होता. पण माझ्या नावावर उद्यमनगरात जी गंमत सांगितली जाते ती खोटी आहे. ती सांगणारे अजून हसतात. म्हणून आधी तीच लिहिते.

मला कामावर घेतलं ते इंग्रजीमुळे. नव्याण्णव साली पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन मी तिथे गेले, तेव्हा मालकांनी माझ्यापुढे एक जाड इंग्रजी पुस्तक ठेवलं आणि एक पान वाचून मराठीत सांगायला लावलं. नवनवीन इंजिनं येत होती, त्यांची पुस्तकं येत होती, आणि वर्कशॉपमध्ये ती वाचणारं कुणी नव्हतं. मालकांना सगळे अण्णा म्हणत. घरात कानडी, धंद्यात मराठी. मला एरवी मॅडम म्हणायचे आणि काही गळ्यात घालायचं असलं की 'तंगी'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वर्कशॉपला कशाची तरी तंगी पडली आहे असं वाटून मी गंभीर चेहरा केला होता. तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण, हे नंतर कळलं.

दुसरे बापू. हेडमिस्त्री. पंचावन्न ओलांडलेले, कागलच्या बाजूने रोज एस.टी.ने यायचे. डिझेल इंजिनाचे टॅपेट, म्हणजे आतल्या भागांमधला गॅप, ते कानाने लावत. आम्ही नंतर फिलर, म्हणजे गॅप मोजायची पोलादी पट्टी, घालून तपासलं तरी फरक निघायचा नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं सांगलीपासून निपाणीपर्यंत पसरली होती. गिऱ्हाईक वर्कशॉपचं नाव घ्यायचं नाही, "बापूंच्याकडं टाकलंय" म्हणायचं. हे सगळं खरं आहे आणि मला त्यातलं काहीही कमी करायचं नाही.

माझी पहिली चूक पहिल्याच महिन्यातली. बापू गाडीखाली होते. तिथून त्यांनी ओरडून सांगितलं, वॉशरची जाडी पावणेदोन एमएम लिवा. मी लिहिलं, २.७५. दोन आणि पाऊण मिळून पावणेदोन, मला ते इतकं सरळ वाटलं की विचारावंसंही वाटलं नाही. माझी शाळेतली गणितं सगळी इंग्रजीतली. पाव, अर्धा, पाऊण हे स्वयंपाकघरात ऐकलेलं. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी, हे शिकायची वेळ कधी आलीच नव्हती. लेथवाल्याने पावणेतीनचे दोन डझन वॉशर करून पाठवले.

तेव्हापासून मी पावणेदोन मॅडम. तोंडावर नाही, पण पाठ फिरायच्या आत. शेजारचा लेथवाला दारात कुणी आलं की म्हणायचा, "या पावणं, आत बसा. पावणेदोन हाईत."

चूक माझी होती. मी त्याच संध्याकाळी आईकडून सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच असं सगळं लिहून घेतलं आणि लहान मुलासारखं पाठ केलं. पुन्हा कधीही चुकले नाही. पण पाठ केलेलं कुणाला दिसत नाही.

आता त्या खोट्या गमतीकडे येते. ती एका बोटीची.

शिरोळ तालुक्यातल्या, कृष्णेच्या काठावरच्या एका गावाने जुनी मोटरबोट आणली होती. पूर आला की मळ्यातल्या वस्त्यांवरची माणसं बाहेर काढायची, म्हणून. बोट गोव्याकडची, इंजिन अमेरिकन, आठ सिलिंडरचं, पेट्रोलवर चालणारं. चालवणार होते दत्तूमामा. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या नाव चालवायचं काम. काटकुळे, कमी बोलणारे, त्यामुळे मला बरे वाटायचे. इंजिन पूर्ण खोलून नवं करायचं आणि जूनच्या आत द्यायचं असं ठरलं. त्यासोबत इंग्रजी पुस्तकही आलं. म्हणजे माझं काम आलं.

या इंजिनात एक गोष्ट वेगळी होती. ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला दोन दारं असतात, त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. एकातून पेट्रोल आणि हवा आत येते, दुसऱ्यातून धूर बाहेर जातो. खाली एक दांडा फिरत असतो, त्यावर उंचवटे असतात. उंचवटा आला की तो वरच्या लिफ्टरला उचलतो, लिफ्टर पुशरॉड नावाच्या सळीला उचलतो, सळी वरच्या रॉकरला ढकलते, आणि सीसॉसारखा असलेला रॉकर दुसऱ्या टोकाने व्हॉल्व्ह उघडतो. साध्या इंजिनात या सगळ्यांमध्ये केसाएवढी फट ठेवतात, कारण लोखंड तापलं की वाढतं. बापूंची सगळी हयात ही फट लावण्यात गेली.

या इंजिनाचे लिफ्टर हायड्रॉलिक होते. लिफ्टरच्या पोटात एक छोटा दट्ट्या, त्याखाली नाजूक स्प्रिंग आणि इंजिनाचं तेल. तो दट्ट्या आपला आपण वर येऊन फट भरून काढतो. म्हणून इथे फट ठेवायचीच नाही. उलट रॉकरचा नट आवळत फट शून्यावर आणायची, आणि मग नट आणखी थोडा आवळून दट्ट्याला खाली दाबून ठेवायचं. या दाबाला इंग्रजीत प्रीलोड म्हणतात. तो कमी पडला तर इंजिन खडखडतं. जास्त झाला तर दट्ट्या तळाला टेकतो, मग सगळं ताठ होतं आणि व्हॉल्व्ह पुरता मिटतच नाही. न मिटलेल्या दारातून जाळ जातो. इंजिनाची ताकद जाते आणि काही तासांत व्हॉल्व्हची कड जळते.

मी बापूंना सांगितलं, आधी शून्य घ्यायचं, आणि शून्यानंतर पाऊण फेरा. मला वाक्य आठवतं. पण माझा आवाज तेव्हा चार हातांपलीकडे जात नसे आणि मी ते कुठे लिहून दिलं नाही. ही एक गोष्ट माझी चुकली असं मी आजही मानते. बापूंनी मान हलवली. प्रीलोडला मराठीत काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं, मी "आधीचं ओझं" म्हटलं. त्यावर सगळे हसले. बापू म्हणाले, म्हणजे उणा गॅप. मला तो शब्द फार आवडला होता.

इंजिन चालू झालं तेव्हा आवाज इतका मऊ होता की बापूंनी त्यावर पाण्याने भरलेला स्टीलचा पेला ठेवून दाखवला. अण्णा खूश. बोटीत बसवून नदीवर चाचणी घेतली. पहिली दहा मिनिटं ठीक. तापल्यावर इंजिन फटफट करायला लागलं आणि धारेच्या मध्यावर त्याची शक्तीच गेली. दत्तूमामांनी सवयीने दोन वल्ही बरोबर घेतली होती. बोट काठाला लावून ते एवढंच म्हणाले, वल्ही नसती तर आज कर्नाटकात जेवलो असतो.

इंजिन टेंपोतून परत आलं. बापूंनी रॉकरवरचं झाकण काढलं. अण्णांनी पहिला नट स्वतःच्या हाताने सोडवायला घेतला, फेरे मोजत. एक. सव्वा. दीड. सळी सैल झाली तेव्हा ते थांबले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पावणेदोन."

मग लेथवाला, जो कशाला आत आला होता देव जाणे, म्हणाला, "घ्या. मॅडमनी परत वॉशर केला की."

तो हशा मला अजून ऐकू येतो. सगळ्यांना उत्तर मिळालं होतं. पाऊण सांगायच्या जागी मी पावणेदोन सांगितलं. बापूंनी सांगितल्याप्रमाणे केलं. आकडा तर अगदी तोच निघाला होता. मी बापूंकडे बघितलं. ते फडक्याला हात पुसत होते. "मला जे सांगितलं ते मी केलं," असं ते म्हणाले, आणि मला वाटतं तेव्हा त्यांचाही त्यावर विश्वास होता.

सर्वात वाईट हे की तासभर माझाही होता. मी टेबलाशी बसून तेच वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघत होते. इतके लोक एकदम हसले की आपलीच आठवण आपल्याला परकी वाटायला लागते.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले. मी पाना घेतला आणि उरलेले पंधरा नट सोडवून मोजले. सळी बोटांत धरून खालीवर हलवायची, हलेपर्यंत नट सोडवायचा, फेरे लिहायचे. दुसरा दीड निघाला. तिसरा जवळजवळ दोन. मग सव्वा. मग पावणेदोन, मग पुन्हा दीड. पंधरा नटांचे आकडे लिहून मी कागदाकडे बघत राहिले. माझा राग तिथे सुरू झाला. मी पाऊण म्हटलेलं असो की पावणेदोन, चुकीचा आकडा सांगितला असता तर सोळाही नट सारखेच चुकले असते. हे सोळा सोळा तऱ्हेने चुकले होते. चूक आकड्यात नव्हतीच. आकडा जिथून मोजायचा ते शून्यच प्रत्येक वेळी वेगळं घेतलं होतं.

मग बापू शून्य कसं घेतात ते मला आठवलं. ते सळी अंगठा आणि बोटात धरून गोल फिरवायचे, आणि फिरायची अडली की म्हणायचे, झालं शून्य. ताठ लिफ्टरला हे चालतं. पण कोऱ्या, तेल न भरलेल्या हायड्रॉलिक लिफ्टरची स्प्रिंग इतकी हलकी असते की फट संपून दट्ट्या खाली जायला लागला तरी सळी फिरतच राहते. त्यात बापूंच्या बोटांत चाळीस वर्षांची ताकद आणि सळीला तेल. त्यांना अडल्यासारखं वाटेपर्यंत नट कुठे अर्धा, कुठे पाऊण, कुठे एक ते सव्वा फेरा जास्त गेलेला असायचा. त्यावर त्यांनी पाऊण फेरा दिला. माझाच पाऊण.

अण्णांना मी कागद दाखवला. त्यांनी तो उलटा सुलटा करून बघितला आणि म्हणाले, झालं ते झालं, आता पाऊण लावून टाकू. म्हणजे पुन्हा त्याच शून्यावरून. मी म्हणाले, तसं लावलं तर बोट पुन्हा बंद पडेल. पुरात पडेल. हे मी मोठ्याने म्हणाले असणार, कारण बापू उठून आले.

लिफ्टर काढून तेल झाडून रिकामे केले. मी रॉकरच्या सळीकडच्या टोकावर डायल गेज लावला. घड्याळासारखी तबकडी असते, मिलिमीटरचे शंभर भाग दाखवते. मी बापूंना म्हटलं, तुम्ही तुमच्या पद्धतीने शून्य घ्या, मी काही बोलणार नाही. ते नट आवळू लागले. दर थोड्या वेळाने मी सळी खालीवर हलवून बघत होते. हलली की काटा उडायचा. एका ठिकाणी काटा उडायचा थांबला. फट तिथे संपली होती. मी तबकडी शून्यावर फिरवून ठेवली. बापूंची बोटं सळी फिरवतच होती, नट उतरत होता, काटा सरकत होता. शेवटी ते थांबले.

"शून्य," ते म्हणाले.

काटा एक मिलिमीटर आणि पंचाहत्तर शतांशांवर होता.

दट्ट्याची एकूण चाल जेमतेम तीन मिलिमीटर. त्यावर पाऊण फेरा म्हणजे आणखी सव्वा मिलिमीटरच्या वर, कारण नट जेवढा उतरतो त्याच्या दीडपटीहून जास्त सळी उतरते. तळ गाठायला तेवढं पुरे. मी हे सगळं बोलले नाही. आकडे कागदावर लिहून कागद इंजिनावर ठेवला. बापूंनी तबकडीकडे पुन्हा एकदा बघितलं, पाना खाली ठेवला आणि चहाला म्हणून निघून गेले.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी सोळाच्या सोळा लिफ्टरचं शून्य खालीवर हलवून घेतलं, गेजवर तपासलं, आणि प्रत्येक नटाला पाऊण फेरा दिला. दोन व्हॉल्व्हच्या कडा घासून पुन्हा बसवाव्या लागल्या.

इंजिन घेऊन गावाला निघायच्या आदल्या दिवशी अण्णांनी मला बोलावलं. "तंगी," ते म्हणाले, आणि मी सावध झाले. त्यांचं म्हणणं असं की गावकऱ्यांना काहीतरी कारण सांगायला पाहिजे. बापूंचं वय झालं. त्यांच्या नावावर गिऱ्हाईक येतं. "तुमचं काय, तुम्ही शिकाऊ. भाषेचा घोळ झाला म्हणून सांगू. त्यात काय लाज? लोक हसतील आणि सोडून देतील."

मी काही बोलले नाही. अण्णांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला. गप्प माणसाचा होकार सगळे न विचारता घेतात, हे मी त्या नोकरीत शिकले.

इंजिन बोटीत बसवलं तेव्हा काठावर गावातली आठदहा माणसं होती. अण्णांनी वॉशरपासून सुरुवात केली. गोष्ट ते चांगली सांगतात. पावणेदोनवर आले तेव्हा लोक हसायला तयार होऊन उभे होते, आणि हसले. एकजण म्हणाला, "इंग्रजी शाळा." बापू टेंपोच्या फळीला टेकून पाण्याकडे बघत होते.

"नाही," मी म्हणाले. "मी पाऊणच सांगितलं होतं."

अण्णा हसऱ्या चेहऱ्यानेच माझ्याकडे वळले. दत्तूमामांनी त्यांना काही विचारलं नाही. मला विचारलं, "आता बराबर हाय का न्हाय?"

"सोळाही मोजलेत."

"कुनी?"

"मी."

त्यांनी मान हलवली आणि बोटीत चढले. अर्धा तास त्यांनी बोट धारेच्या विरुद्ध पळवली. बंद पडली नाही. पुढे पावसाळ्यात तिने दोन वस्त्या बाहेर काढल्या, असं त्यांनी नंतर सांगितलं. मला तेव्हाही वाटलं की याहून मोठा पुरावा काय असणार. पण लोकांना पुरावा नको असतो, गोष्ट हवी असते. पावणेदोनची गोष्ट उद्यमनगरभर फिरली ती फिरलीच. माझं "नाही" तिच्यातून वगळलं गेलं.

काठावर बोलले तरी अण्णांनी मला काढलं नाही. काढणं त्यांना परवडणारंही नव्हतं. उलट हायड्रॉलिक लिफ्टर आले की ते माझ्याकडेच यायचे. तसं कुणी ठरवलं, कुणी सांगितलं, काही नाही. गिऱ्हाइकाने विचारलं तर अण्णा सांगायचे, "मॅडमची बोटं नाजूक हाईत, त्यास्नी बरोबर कळतंय." हे ऐकून मला पावणेदोनपेक्षा जास्त राग यायचा. माझी बोटं नाजूक नाहीत. त्यांना रॉकेलने पडलेल्या चिरा आहेत. सळी फिरवायची नाही, खालीवर हलवायची, ही पद्धत आहे. ती कुणाच्याही बोटांना जमते. पण बाईला काही कळतं असं म्हणण्यापेक्षा तिच्या बोटांना कळतं असं म्हणणं लोकांना सोपं जातं.

बापू माझ्याशी कामापुरतं बोलायचे. मला "मॅडम" म्हणायचे, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे. त्यांनी एकदाही तो विषय काढला नाही. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. सत्काराच्या दिवशी मी नमस्कार केला तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला, आणि मला वाटलं आता काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, "जपून जावा. गर्दी हाय."

त्यांचं चारचौघांत नाव जावं असं मला कधीच वाटलं नव्हतं. अण्णांनी वेगळं कारण शोधलं असतं, तेल खराब होतं म्हणाले असते, तर मी काठावर गप्प बसले असते. हे मला त्यांना सांगायचं होतं. तेही राहून गेलं.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी एकदा दुपारच्या वेळी वर्कशॉपचा फोन वाजला. बापू होते. कागलला पुतण्याच्या गॅरेजमध्ये बसतात, हे मला माहीत होतं. तिथे निपाणीकडची एक जुनी अमेरिकन गाडी आली होती, लग्नाच्या वरातीसाठी कुणाला तरी ती चालू करून हवी होती. लिफ्टर नवे, हायड्रॉलिक. बापू अडकत अडकत बोलत होते. पुतण्याला यातलं कळत नाही, म्हणाले. मग म्हणाले, "फिरवून बघायचं न्हाय, एवढं ठाव हाय मला. खालीवर हलवायचं. पर थांबायचं कुठं, ते जरा सांगा."

मी लगेच सांगायला हवं होतं. म्हातारं माणूस, आणि स्वतः होऊन फोन केलेला. पण मी सांगितलं नाही.

"बापू," मी म्हटलं, "बोटीच्या वेळी मी तुम्हाला किती फेरे सांगितले होते?"

पलीकडे हातोडीचा आवाज येत होता. त्यांनी कुणाला तरी थांब म्हणून सांगितलं. आवाज थांबला.

"पाऊण," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "पाऊणच सांगितलतं तुमी."

"हं," मी म्हटलं. "आता पहिल्या सिलिंडरचा नट ढिला करा."